शेजारच्या कारखान्यात मूल राबताना दिसलं तर: पहिल्या फोनपासून वेठबिगारमुक्तीच्या दाखल्यापर्यंत

इमारतीच्या पोटमाळ्यावर चालणारा जरीचा अड्डा, हायवेवरचा ढाबा, गावाबाहेरची वीटभट्टी, वरच्या मजल्यावर चोवीस तास कामाला ठेवलेली बारा वर्षांची मुलगी. बघणारे पुष्कळ असतात. कुणाला सांगायचं, सांगितल्यावर काय होतं आणि आपलं नाव कुठं येतं, हे ठाऊक नसल्यामुळं बहुतेक जण गप्प बसतात. त्यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. कार्यालयांची नावं महाराष्ट्रातली आहेत. कायदे केंद्राचे असल्यामुळं गोव्यात किंवा इतरत्रही वाट साधारण हीच.

छापा घालून मुलाला बाहेर काढणं हे सरकारी यंत्रणेचं काम. तुमच्याकडून हवी ती नेमकी माहिती, आणि नंतर प्रत्येक टेबलावर कागद पुढं सरकतो आहे ना यावर लक्ष. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे. बरीच प्रकरणं मरतात ती तिथंच.

१. दिसतंय ते कशात बसतं, हे आधी पाहा

सगळ्याला सरसकट ‘बालमजुरी’ म्हटलं की तक्रार हलक्या कायद्यात अडकते. चार गोष्टी वेगळ्या करा.

वय चौदाच्या आत असेल तर मुलाला कुठल्याही धंद्यात, घरकामातसुद्धा, नोकरीला ठेवता येत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन ही पूर्ण बंदी आली. अपवाद दोनच: शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात मदत, आणि अटी पाळून कलाकार म्हणून काम. मालक लगेच ‘भाचा आहे आमचा’ म्हणतो ते पहिल्या अपवादाच्या जोरावर. कायद्यातल्या ‘कुटुंबा’त काका, मामा, आत्या, मावशी येतात, हे त्याला पक्कं माहीत असतं. तेव्हा दोन गोष्टी तपासायच्या: नातं खरं आहे का, आणि शाळेच्या वेळेत मूल कुठं असतं. सकाळी अकरा वाजता ते भट्टीवर असेल तर सख्खा मामा असूनही सूट लागू होत नाही.

चौदा ते अठरा या वयात खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांतच कामाला बंदी आहे. सोळा वर्षांचा मुलगा किराणा दुकानात पुड्या बांधतो, एवढ्यावरून गुन्हा होत नाही. पण त्याला डांबून ठेवलं किंवा त्याचा पगार मालकानं दाबला, तर बाल न्याय कायद्याचं (मुलांच्या काळजी आणि संरक्षणासाठीचा कायदा) कलम ७९ लागतं. ते अठरापर्यंतच्या सगळ्यांना लागू आहे.

उचल किंवा बयाणा देऊन, तो फिटेपर्यंत काम सोडू न देणं ही वेठबिगारी. त्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे.

मुलाला राबवण्यासाठी कुणी आणलं, पोचवलं, ठेवून घेतलं, तर ती मानवी तस्करी: भारतीय न्याय संहितेचं कलम १४३. ‘आईबापांनी स्वतःहून पाठवलंय’ हे उत्तर इथं चालत नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला पैसे देऊन राजी करणं हे तस्करीचं साधन म्हणूनच कलमात लिहिलेलं आहे, आणि पीडिताची संमती विचारात घेतली जात नाही. इगतपुरी तालुक्यात २०२२ साली जे उघड झालं ते आठवा. कातकरी कुटुंबांतली लहान मुलं थोडेसे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बोलीवर मेंढपाळांकडे राबायला पाठवली जात होती. दहा वर्षांची एक मुलगी मेल्यावर ते बाहेर आलं. रेल्वेनं परराज्यातून आणलेली टोळीच असायला हवी असं नाही. शेजारच्या तालुक्यात नेलं तरी तस्करी ती तस्करीच.

खुणा कोणत्या? मूल एकटं बाहेर पडतं का. काम करतं तिथंच झोपतं का. त्याचं आधार कार्ड मालकाकडे आहे का. जरीच्या अड्ड्यावर पोटमाळ्याची उंची इतकी कमी असते की मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही, आणि पोरं चौकटीभोवती मांडी घालून दिवस काढतात. जिन्याच्या दाराला कडी बाहेरून आहे की आतून, ते बघा. वय विचारल्यावर पाचही पोरं एका सुरात ‘अठरा पूर्ण’ म्हणाली, तर उत्तर शिकवलेलं आहे.

टोपी, दाढी, भाषा आणि ‘बिहारची पोरं’ या मात्र खुणा नव्हेत. मे २०२३ च्या अखेरीस दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवली गेली, सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला. मुलं सांगलीकडे मदरशात शिकायला निघाली होती. गैरसमज झाल्याचं मान्य करून पुढं गुन्हे बंद झाले. तोवर माणसं तुरुंगात आणि मुलं बालगृहात राहून आली होती.

२. फोनच्या आधी कागदावर उतरवा

‘अमुक नगरात बालकामगार आहेत’ या माहितीवर पथक निघत नाही. निघालंच तर रिकाम्या हातानं परततं. लिहा:

- गाळा क्रमांक, मजला, ठळक खूण. मागचं दार असेल तर ते कुठं उघडतं. पथक पुढून शिरतं आणि मुलं मागून निघून जातात, हे नेहमीचं.
- मुलं किती, अंदाजे वयं. मुली असतील तर महिला पोलीस लागतात, म्हणून त्यांची संख्या वेगळी.
- मुलं नक्की सापडतील ती वेळ आणि साप्ताहिक सुटीचा वार.
- मुलं बोलतात ती भाषा. मैथिली, बंगाली किंवा नेपाळी असेल तर दुभाषा आधी शोधावा लागतो.
- मालक, मुकादम, आणणारा दलाल: नाव, टोपणनाव, गाडीचा क्रमांक, जे मिळेल ते.
- तुम्ही स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे वेगवेगळं.

फोटो काढायचाच तर रस्त्यावरून, पाटी आणि दार येईल असा. मुलांचे चेहरे नकोत.

३. या चुका करू नका

मालकाला जाब विचारायला जाऊ नका. एका रात्रीत मुलं दुसऱ्या गाळ्यात हलतात आणि तुमची माहिती शिळी होते.

पैसे देऊन मूल ‘सोडवून’ आणू नका. त्या जागी दुसरं येतं.

मूल स्वतःहून पळून तुमच्या दारात आलं तर जेवू घाला, पण परस्पर घरी ठेवून घेऊ नका. एकटं सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक, पोलीस, बाल कल्याण समिती (अशा मुलांच्या ताब्याचा आणि काळजीचा निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचा फोटो, नाव, शाळा, गाव टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, दंड दोन लाखांपर्यंत. लैंगिक शोषणाचा व्हिडिओ तर ‘जागृतीसाठी’सुद्धा पुढं पाठवायचा नाही. बाळगणं हादेखील गुन्हा ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता करता येते.

आणि ‘मुलं पळवणारी टोळी आली’ हा मेसेज. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला अशाच अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. मुलांचा व्यापार बहुतेक वेळा ओळखीचा मुकादम, नातेवाईक, गावातला दलाल यांच्या हातून होतो. अनोळखी भिक्षेकऱ्यावर नजर ठेवून तो सापडत नाही.

४. फोन

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक: चोवीस तास, मोफत. मुंबईत १९९६ साली प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ ला जोडली गेली. नाव न सांगताही तक्रार घेतात. बोलणं संपवताना नोंद क्रमांक मागा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. पुढं सगळीकडे तोच विचारतील.

मारहाण चालू आहे, मूल हलवलं जातंय, तर थेट ११२.

रेल्वेत असाल तर १३९, किंवा डब्यातला रेल्वे सुरक्षा दलाचा जवान. गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ आणि पुढचं मोठं स्टेशन सांगा. साखळी ओढू नका; आडरानात गाडी थांबली तर उतरून पळणं सोपं जातं.

५. त्याच दिवशी लेखी तक्रार

फोन विसरला जातो, ईमेलची तारीख राहते. एका पानात लिहा आणि एकाच वेळी पाठवा: पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी, पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, बाल कल्याण समिती, कामगार आयुक्तांचं स्थानिक कार्यालय. उचलीचा विषय असेल तर जिल्हाधिकारी आणि प्रांत (उपविभागीय अधिकारी). केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या ‘पेन्सिल’ पोर्टलवरही टाका. तिथून ती जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते.

माहिती स्थानिक पातळीवर फुटेल अशी शंका असेल तर ठाण्याला आधी कळवू नका. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे थेट जा, आणि पत्रात ‘पूर्वसूचना न देता कारवाई व्हावी’ हे वाक्य घाला.

६. वय: इथं सर्वांत जास्त घोळ होतो

मुलं सापडली की मालक आधार कार्डं पुढं करतो. जन्मतारीख बहुधा १ जानेवारी, आणि वय अठराच्या थोडं पुढं. पथकात कुणी आडवं बोललं नाही तर मुलं ‘सज्ञान’ म्हणून तिथंच सोडली जातात.

वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये दिला आहे. पहिला मान शाळेतल्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि तिचा आदेश झाल्यापासून १५ दिवसांत ती पूर्ण व्हायला हवी. आधार या यादीत कुठंच नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये म्हटलं आहे. त्या खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला होता.

म्हणून मुलाच्या गावची शाळा कळली की मुख्याध्यापकांकडून प्रवेश निर्गम उतारा (शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद) मागवायचा. महाराष्ट्रातलं मूल असेल तर हा उतारा दोन दिवसांत येऊ शकतो, कुणीतरी फोन लावला तर. हे ‘कुणीतरी’ व्हायला वकील लागत नाही, मात्र मागणी पोलीस किंवा समितीच्या नावानं जायला हवी. हाडांच्या तपासणीवर लवकर उडी मारू देऊ नका. तिच्यात वर-खाली फरक राहतो, आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेवढा फरक खटला पाडायला पुरतो.

७. गुन्ह्यात कलमं कोणती लागली ते वाचा

एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला मोफत मिळते. ती घ्या आणि कलमांची ओळ वाचा.

फक्त बालकामगार कायदा लागला असेल तर मालकाची शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात दंड भरून तो मोकळा होऊ शकतो. कलम १४३ लागलं तर एका मुलाच्या तस्करीला किमान दहा वर्षं, एकाहून अधिक मुलं असतील तर किमान चौदा वर्षं, आणि दोन्हीकडे जन्मठेपेपर्यंत. लैंगिक शोषणाचा भाग असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, हवाच. पॉक्सोखाली मुलाचा जबाब साध्या कपड्यातल्या पोलिसानं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, मुलाच्या सोयीच्या जागी घ्यायचा असतो.

ठाण्यात ऐकू येणारं एक वाक्य: ‘हे अदखलपात्र आहे, एनसी घेतो.’ म्हणजे नुसती नोंद; न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. अधिकारी सगळंच चुकीचं बोलत नसतो. बाल न्याय कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले. त्यात कलम ७९ ही आलं, भीक मागायला लावण्याचं कलम ७६ ही आलं. मुलांसाठीच्या कायद्यात ही पाचर कुणाला सुचली कोण जाणे. उत्तर असं द्यायचं: बालकामगार कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे, १४३ ही दखलपात्र आहे, आणि एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण तसंच धरलं जातं. भीक मागायला लावणं आता कलम १४३ च्या ‘शोषणा’तही लिहिलेलं आहे.

‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा. तरीही टाळलं तर तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार १४३ ची खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. हे कलम शांतपणे, आवाज न चढवता सांगावं. बऱ्याचदा तेवढं पुरतं. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. मदत क्रमांक १५१००.

८. बाल कल्याण समितीपुढं

सुटका झालेलं मूल २४ तासांत समितीपुढं न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. बैठकीचा दिवस नसेल तर एका सदस्यापुढं हजर करता येतं, त्यामुळं ‘सोमवारी बघू’ ही सबब नाही.

पहिल्याच सकाळी एखादा ‘मामा’ प्रतिज्ञापत्र घेऊन ताबा मागायला येतो. तो मालकाचा माणूस असण्याची शक्यता धरूनच चाला. तुम्हाला त्याच्याबद्दल काही माहीत असेल तर समितीला लेखी द्या आणि पोच घ्या. घरची चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यायचा असतो, समितीची चौकशी चार महिन्यांत संपायची असते. मूल परराज्यातलं असेल तर त्याच्या जिल्ह्यातल्या समितीकडे पाठवतात.

आईवडील घाबरलेले असतात. पहिल्या वेळी आईबापांना बालकामगार कायद्यात शिक्षा नाही, हे त्यांना सांगा. ते भीतीनं मालकाची बाजू घेतात, हेतूनं क्वचितच.

९. वेठबिगारमुक्तीचा दाखला आणि पैसे

बहुतेक जण इथवर येत नाहीत, म्हणून मुलं परत जातात. उचलीचं किंवा डांबून राबवल्याचं प्रकरण असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडून मुक्ततेचा दाखला घ्यावा लागतो. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तो नसेल तर काहीच मिळत नाही. असेल तर तातडीची मदत ३० हजारांपर्यंत. पुढची रक्कम सक्तीनं राबवलेल्या मुलांना आणि महिलांना दोन लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख. तिचा मोठा भाग मुलाच्या नावे ठेवीत जातो. तातडीची मदत खटल्याच्या निकालासाठी थांबत नाही. ‘केस संपू दे’ असं कुणी म्हटलं तर ते मोठ्या रकमेबद्दल आहे.

उचल दिल्याचा कागद कधीच सापडत नाही. तो नसला तरी चालतं. सक्तीची मजुरी दिसली की मागं कर्ज किंवा उचल आहे असं गृहीत धरावं, हे सर्वोच्च न्यायालयानं बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात १९८३ सालीच सांगितलं आहे, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. प्रांतांपुढं ही दोन वाक्यं अर्जातच लिहून द्या.

याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या एम. सी. मेहता निकालानुसार बालकामगारामागं मालकाकडून २० हजार रुपये वसूल करायचे असतात, आणि राहिलेल्या मजुरीचा दावा वेगळा. दोन्हींसाठी कामगार कार्यालय.

अर्जाला जोडायचं ते: एफआयआरची प्रत, पंचनामा, मुलाचा आणि पालकाचा जबाब, वयाचा पुरावा, समितीचा आदेश, १०९८ चा नोंद क्रमांक, मुलाच्या नावाचं बँक खातं. खातं दलालाच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेलं निघतं कधीकधी. उघडतानाच बघा.

१०. गावात परतल्यावर

घरची कमाई तुटलेली असते आणि मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारात उभा राहतो. एक पालक गेलेला असेल किंवा घर फारच अडचणीत असेल तर बाल संगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करा. महिन्याला २,२५० रुपये मिळतात.

प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरातच असते. तिची बैठक दसऱ्याच्या आधी लावून घ्या, कारण बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. बैठकीत तीन कामं: जाणाऱ्या प्रत्येक कोयत्यासोबत (ऊस तोडणाऱ्या जोडप्यासोबत) कोणती मुलं जाणार आहेत त्यांची नावनिशी यादी, मागं राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी, जाणाऱ्यांना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून जातील तिथल्या शाळेत बसता येतं). यादीत मुकादमाचं नाव, मोबाइल आणि कारखान्याचं नाव लिहा. मार्चनंतर टोळ्या परततील तेव्हा तीच यादी घेऊन मुलं मोजा.